शोध स्थगित

हयातीच्या दाखल्याच्या खिडकीवर कारकून विचारतो,
"तटरक्षक दल? नाशकात कुठला आलाय किनारा?"
त्याला वाटतं, रामकुंडावर शिट्टी फुंकणारा कुणी असेन.
मी अंगठा देतो. हयात आहे एवढंच त्याला हवं असतं.

आमचं घर त्र्यंबकच्या वर, डोंगराच्या ऐन कण्यावर.
आढ्याच्या अलीकडे पडलेलं पाणी वैतरणेला, पश्चिमेच्या समुद्राला जायचं,
पलीकडचं गोदावरीला, नऊशे मैल पूर्वेला.
आमच्या कौलांना दोन समुद्र ठाऊक होते.
घरात पोहता कुणालाच येत नव्हतं.
माझ्या बदल्याही तशाच: आधी डहाणू, मग काकिनाडा, मग पुन्हा डहाणू.
पागोळ्यांच्या मागोमाग गेलो म्हणा.

शिकवायला वर्गीस मास्तर. पहिल्याच दिवशी म्हणाले,
"पोरांनो, हे दल उसनवारीवर उभं राहिलंय.
नौदलाने दिलेली दोन म्हातारी जहाजं, पाच लहान बोटी,
समोर हा एवढा किनारा,
आणि त्यावर रात्रीची उतरणारी सोन्याची बिस्किटं.
लढाई नौदल बघेल. तुम्ही ऐका."

ऐकलं. सव्वीस वर्षं, चॅनल सोळा.
तिथे शत्रू फारसा बोलत नाही.
बोलतो डिझेल संपलेला, पंख्यात जाळं अडकलेला,
छातीत कळ आलेला कुठल्याशा देशाचा खलाशी,
बटण दाबून विसरलेला तांडेल,
ज्याचं भांडण अर्धी रात्र सगळा समुद्र ऐकतो.
काकिनाड्याला कासवांसाठीसुद्धा जागलो.
वादळाआधी दोन दिवस एकच वाक्य,
मराठीत, गुजरातीत, मोडक्या तेलुगूत:
परत फिरा.
काही जण शिव्या देत फिरायचे.
शिवी ऐकू आली की बरं वाटायचं. म्हणजे माणूस आहे.

'हिंगळाई'वर सात जण होते.
चेतकने दोरीला लावून सहा वर घेतले.
सातवा भालचंद्र मेहेर, वय एकोणीस, बोटीवर भात शिजवायचा.
चार दिवस समुद्राचे चौकोन पाडले,
एकेक चौकोन विंचरला. एक निळा डबा मिळाला.
पाचव्या दिवशी साहेबांनी सांगितलं तसं
मी माझ्या अक्षरात लिहिलं: शोध स्थगित.
समाप्त नाही. तो शब्द आमच्या नोंदवहीत नसतो.
त्याच्या आईला मी हा फरक नीट समजावून सांगितला.
सुकत घातलेले बोंबील उलटे करत ती म्हणाली,
"मग परत कधी सुरू करणार?"

ऑगस्ट. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतो,
मोबाइलवर क्युसेकचे आकडे येतात.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय,
बघ्यांनी छातीवर पैजा लावल्यात,
कुणी मक्याची कणसं विकतोय.
मी होळकर पुलाशी छत्री धरून उभा.
वाहत येतं ते मोजतो:
नारळ, ओंडका, प्लास्टिकची खुर्ची, परत ओंडका.
गोल, काळं काही दिसलं की दोनदा बघतो.

शेजारचा पोरगा विचारतो, "काका, काय हरवलंय?"
काय सांगू त्याला?
हे पाणी पूर्वेला चाललंय आणि भालचंद्र पश्चिमेला होता.
नकाशा मला कळतो,
आयुष्यभर तेच काम केलं.
पण हे ढग कुठल्या समुद्रावरून येतात,
तेही कळतं.

पाणी मारुतीच्या बेंबीवर चढतं.
मी छत्री दुसऱ्या हातात घेतो.